कापड फाटल्याचा आवाज

डॉक्टरांची मोटरसायकल टेम्पोतून आली, तेव्हाच उस्तादांनी ओळखलं. चालती गाडी कोणी टेम्पोत घालून आणत नाही.

"परत?"

"परत."

डॉक्टर दातांचे. आयुष्यभर लोकांच्या दाढा उपटून त्यांचा आवाज मऊ पडला होता. कुठलीही वाईट बातमी ते आधी बधिर करून मगच देत. "चढावर होतो, उस्ताद. छान पळत होती. आणि एकदम मागचं चाक जागच्या जागी अडकलं. क्लच दाबला म्हणून निभावलं, नाहीतर आज माझेच दात कुणाला तरी बसवावे लागले असते."

"लागलं का कुठं?"

"कोपर खरचटलंय थोडं. मी काही म्हणत नाही हं. मीच जास्त ताणली असेन."

"ताणायलाच असते ती. जपून चालवायचं तर आमच्या घरात शिलाई मशीन आहे."

"माझी मशीन अशी मध्येच दगा देत नाही," आतल्या खोलीतून उस्तादांच्या बायकोचा, सगळ्यांच्या वहिनींचा, आवाज आला. डॉक्टर हसले. उस्ताद मात्र स्टँड शोधत राहिले. हसण्यासारखं काय झालं ते त्यांना कळलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. न कळलेल्या हसण्याकडे दुर्लक्ष करायची सवय त्यांना हल्ली लागली होती.

दोघांनी मिळून गाडी खाली घेतली. उस्तादांनी टाकी उतरवली, धुराचा फुगीर नळा सोडवला, सिलिंडर अलगद वर उचलला आणि पिस्टन उजेडात धरला. मांजरानं नखं ओढावीत तशा उभ्या रेघा. प्लगच्या टोकावर साखरेच्या कणांसारखे चकाकते ठिपके, पिस्टनचाच वितळून उडालेला धातू.

"पेट्रोल," उस्तादांनी निकाल दिला. "हल्लीच्या पेट्रोलला दमच नाही."

वर्षभरात जाम झालेलं हे तिसरं इंजिन. पहिल्या वेळी खापर तेलावर फुटलं होतं, दुसऱ्या वेळी पिस्टन बनवणाऱ्यांवर. खराब झालेला पिस्टन उस्ताद फेकत नसत, खिडकीच्या फळीवर मांडून ठेवत. हे आपले गुरू आहेत, असं ते गिऱ्हाइकांना सांगत. गेलं वर्षभर गुरू फळीवर बसून होते आणि शिष्य पेट्रोलला शिव्या देत होता.

या गाड्याच न्याऱ्या. दिवा नाही, आरसा नाही, हॉर्न नाही. उंच मडगार्ड, रुंद हँडल, गाठीगाठींचे टायर. चिखलात लोळायला आणि डोंगराला भिडायला जन्मलेल्या. त्यांचे कारखाने कधीच बंद झाले. आता त्या सापडतात गोठ्यात, कोंबड्यांच्या खुराड्यामागे, मोडक्या पलंगाखाली, आणि ज्याला सापडतात तो त्या उस्तादांच्या दारात आणून टाकतो. उस्ताद मग मूठभर नट आणि व्हिनेगर घालून टाकीतला गंज खळखळून काढत, चाकाला एकेक तार नव्यानं विणत, रबराची वाळलेली सीलं बदलत. महिनोन्‌महिने हे चाले. पण ते सगळं कुणी चिकाटीचा माणूस करू शकतो. उस्तादांचं उस्तादपण शेवटच्या दिवशी कळे, इंजिन सुरात लावायच्या दिवशी.

टू-स्ट्रोक इंजिनाला तेल वेगळं मिळत नाही, ते पेट्रोलमध्येच कालवलेलं असतं. कार्बोरेटरच्या पोटात जेट नावाचा पितळी दाणा, आणि त्या दाण्याला बारीक भोक. भोक मोठं झालं, की पेट्रोल जास्त. इंजिन घुसमटतं, गुरगुरतं, पळत नाही. भोक लहान झालं, की पेट्रोल कमी, म्हणजे तेलही कमी. इंजिन चवताळून पळतं, तापतं, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला मिठी मारतो. ती मिठी सुटत नाही. मधली बरोबर जागा सुईच्या नेढ्याएवढी, आणि उस्ताद ती कानानं ओवत. गाडी चढावर पिटाळायची, आपण दारात डोळे मिटून उभं राहायचं आणि वरच्या टोकाचा आवाज ऐकायचा. बाकीचे मेकॅनिक प्लग काढून त्याचा रंग बघतात, यावर उस्ताद हसत. "ज्याला कान नाही त्यानं रंग बघावा."

बरोबर आवाज कसा असतो, हे त्यांनी लग्न झाल्या झाल्या वहिनींना सांगितलं होतं. वहिनी तेव्हाही कपडे शिवत. त्यांनी कोऱ्या सुती कापडाला कात्रीची एक खूण दिली, दोन्ही हातांत धरलं आणि एका दमात उभं फाडलं. "हा," नवा नवरा म्हणाला होता. "हाच. अगदी हाच." तेव्हापासून गॅरेज आणि शिलाईची खोली यांच्यामधलं दार कधी बंद झालं नाही.

शुक्रवारी लेक आली. घरी तिला ठिणगी म्हणत. लहानपणी ती प्लगच्या रिकाम्या डब्या जमवायची, तेव्हा उस्तादांनी ठेवलेलं नाव. आता ती शहरात बस चालवते. "आठवडाभर लाल दिवे आणि म्हाताऱ्या," पाय धुता धुता ती म्हणाली. "जरा पुढे चल गं, जरा हळू चल गं. रविवारी मला कोणी हळू म्हणायचं नाही."

रविवारी गावाबाहेरच्या बंद खाणीशी जुन्या गाड्यांचा चढ होता. वर्षातून एकदा सगळे जमत, एकेकानं आपली गाडी घेऊन खालून वरपर्यंत जायचं. बक्षीस म्हणजे वर पोचलेल्या माणसाला मिळणाऱ्या टाळ्या. यंदा ठिणगी लाल टाकीची गाडी नेणार होती.

लाल टाकी उस्तादांची स्वतःची. तरुणपणी त्यांनी तिच्यावर धूळ आणि नाव दोन्ही कमावलं. ठिणगीच्या जन्माआधी पाय मोडला, तेव्हा गाडी विकून टाकली. पुढे कितीतरी वर्षांनी ती एका गोठ्यात वैरणीखाली सापडली, गंजलेली, अर्धी, टाकीत उंदरांचं बाळंतपण झालेली. गेल्या दोन पावसाळ्यांत गिऱ्हाइकांची कामं उरकून उस्तादांनी ती उभी केली होती. क्रँक स्वतः तोलला. सीट वहिनींनी शिवली, दुहेरी टाक्यानं.

"आई, सीट तर अशी झाली आहे की वर गेल्यावर उतरूच नये," ठिणगी म्हणाली.

"उतर बाई. जेवायला यायचंय."

तिनं किक मारली. पहिल्या किकेला निळा धूर, दुसऱ्या किकेला जीव. अंगण, जिना, खिडकीच्या काचा, सगळं थरथरलं. ती गल्लीच्या टोकाला गेली, वळली आणि मागच्या चढाला लागली. उस्ताद दारात डोळे मिटून उभे राहिले.

आवाज बोथट वाटला. गेलं वर्षभर सगळीच इंजिनं आधी अशी बोथटच लागत. धार यायला जेट एकेक नंबर खाली आणावा लागे. पेट्रोलच तसलं. ठिणगी परतल्यावर त्यांनी जेट बदलला, लहान भोकाचा घातला. ती पुन्हा जाऊन आली. या खेपेला तिनं हेल्मेट काढलं आणि इंजिनाकडे बघत राहिली.

"बाबा, वरच्या टोकाला काहीतरी तडतडतंय."

"काय?"

"तडतडतंय. मोहरी तडतडते तसं. अगदी बारीक, पूर्ण रेस दिल्यावर."

"पंखे असतील," उस्ताद म्हणाले. हवेनं थंड होणाऱ्या जुन्या सिलिंडरला पत्र्याच्या पानांसारखे पंखे असतात, ते घुमतात, हे खरंच. त्यांनी पंख्यांच्या फटींत रबराचे तुकडे बसवले. "जा आता."

ती गेली, आली. "अजून आहे."

"मी ऐकतोय ना. स्वच्छ आहे. अजून थोडी बोथटच आहे म्हण. उद्या आणखी एक नंबर खाली आणतो."

ठिणगीनं खांदे उडवले. बस बिघडली तर ती डेपोत भांडायची, पण या दारात तिनं कधी इंजिनावरून वाद घातला नव्हता. बापाच्या कानावर तिचा बसच्या ब्रेकपेक्षा जास्त विश्वास होता. आतल्या खोलीत शिलाई मशीन मध्येच थांबली होती. ती बराच वेळ पुन्हा सुरू झाली नाही.

शनिवारी तिसऱ्या प्रहरी वहिनी मागच्या झाडाखाली खुर्ची टाकून शर्टाला काजं करत बसल्या होत्या. काजाला दिवसाचा उजेड लागतो. ठिणगी बाजारात गेली होती. उस्ताद हात पुसत बाहेर आले आणि पायरीवर टेकले.

"हे झाड किती भरलेलं असायचं, नाही?" ते म्हणाले.

"कशानं?"

"चिमण्यांनी. संध्याकाळ झाली की कान किटायचे. आता एक नाही. गेल्या सगळ्या कुठंतरी. तारा, टॉवर, काय काय बांधून ठेवलंय लोकांनी." त्यांनी मान हलवली. "पेट्रोल तसलं, पाखरं नाहीत, तुझं ते कापडसुद्धा हल्लीचं फुसकं. परवा तू चादर फाडत होतीस, आवाजच नाही त्याला. जगच मऊ पडलंय."

वहिनींनी सुई शर्टात खोचली. मग त्यांनी मान वर केली आणि झाडाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, मग पुन्हा झाडाकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते उस्तादांनी पूर्वी एकदाच पाहिलं होतं, दवाखान्यात, पाय मोडला तेव्हा.

"अहो," त्या म्हणाल्या. "इकडे या जरा. इथं, खोडाशी उभे राहा."

"कशाला?"

"या म्हटलं ना."

ते आले. वहिनींनी दोन्ही हात वर केले आणि जोरात टाळी वाजवली.

झाड फुटलं. फांद्याफांद्यांतून, पानापानांतून चिमण्या उसळल्या, मूठ मूठ, ओंजळ ओंजळ, आभाळ भुरकट झालं. त्यांच्या पंखांची फडफड उस्तादांना ऐकू आली, कापडी, जड, छातीत लागणारी. चिमण्या भिंतीवरून वळल्या, छपरावर उतरल्या, आणि सगळ्यांच्या चोची उघडमीट करू लागल्या. उस्तादांना चोची दिसत होत्या. शेकडो चोची. आवाज एकीचाही नाही.

"ओरडतायत?" त्यांनी विचारलं.

"कानठळ्या बसवतायत."

"रोज असतात?"

"रोज. कुठंच गेल्या नाहीत त्या."

उस्ताद खोडाला टेकले. एकेक चिमणी परत येऊन आपापल्या फांदीवर बसली, झाड पुन्हा भरलं, आणि उस्तादांच्या लेखी पुन्हा मुकं झालं.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"दाराची घंटा तुम्हाला ऐकू येत नाही हे माहीत होतं. पण मला वाटलं, उठायचा कंटाळा. मी बोलते ते ऐकू येत नाही हेही माहीत होतं, पण त्यात नवं काय? पुरुषांचे आवाज येतात तुम्हाला, डॉक्टरांशी तासन्‌तास बोलता. मला वाटलं, बायकोपुरते कान बंद." त्या हसायला गेल्या, जमलं नाही. "पाखरांपर्यंत गेलं असेल असं नाही वाटलं हो."

उस्ताद उठून गॅरेजमध्ये गेले. वहिनी मागोमाग आल्या. खिडकीच्या फळीवर तिन्ही पिस्टन ओळीनं होते, नखं ओढल्यासारखे. उस्तादांनी एकेक हातात घेतला, अंगठ्यानं चाचपला, जागेवर ठेवला. बारीक सूर गेले. इंजिनाची धार म्हणजे तेच बारीक सूर. ती ऐकू येत नाही म्हणून आवाज बोथट लागतो, बोथट लागतो म्हणून जेट लहान घालायचा, आणखी लहान, आणखी, आपल्या कानाला धार आल्याचा भास होईपर्यंत. तोवर इंजिन तिकडे तेलावाचून जळत असतं, आणि जळण्याआधी ते जे तडतडून सांगत असतं, तेही बारीकच.

"पेट्रोल चांगलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"तो बिचारा डॉक्टर म्हणत होता, मीच ताणली असेन." ते स्टुलावर बसले. मग त्यांची नजर लाल टाकीवर गेली. "आणि हिला मी आज आणखी एक नंबर खाली आणणार होतो."

खाणीचा चढ दगडांचा होता. शेवटच्या वळणाला एका अंगाला काहीच नव्हतं. तिथं मागचं चाक अडकलं असतं, तर क्लच दाबायला वेळ मिळाला असता की नाही, याचा विचार त्यांनी अर्ध्यावर सोडला. पुढे करवेना.

ठिणगी पिशव्या घेऊन आली तेव्हा दोघं तसेच बसलेले होते. उस्तादांनीच सांगितलं, आडपडदा न ठेवता. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग बापाच्या तोंडासमोर येऊन, सावकाश, खालच्या पट्टीत म्हणाली, "म्हणजे मोहरी होती."

"होती. तू बरोबर होतीस. उद्या जायचं नाही."

"का? जेट मोठा घाला."

"किती मोठा? नुसता अंदाज करू? कमी पडला तर तू पडशील, जास्त झाला तर गाडी अर्ध्या चढावर घुसमटून मागं येईल. मला लावता येत नाही आता, कळलं का? हे गॅरेज बंद केलेलं बरं. पाटी उतरव."

"पाटी आहेच कुठं?" वहिनी म्हणाल्या. "वर्ष झालं रंगवायला दिलीय."

कोणी हसलं नाही, पण खोली जराशी सैल झाली. वहिनींनी शर्ट बाजूला ठेवला.

"मी ऐकते," त्या म्हणाल्या.

"तू?"

"का? भिंतीपलीकडे बसून इतकी वर्षं काय करत होते मी? तुम्ही दारात उभे राहून एकेक इंजिन ऐकायचात, तेच मी आत ऐकायची. सुईत दोरा घालायलाही मिळायचा नाही तुमच्या धडधडीपायी. गाडी गल्लीत शिरायच्या आधी मला कळायचं, आज उस्ताद खुशीत जेवणार की ताट सरकवणार." त्यांनी पदरानं हात पुसले. "पूर्वीच्या तुमच्या गाड्या शेवटाला कापडासारख्या फाटायच्या. गेल्या वर्षापासून किंचाळतात. मला वाटलं, नवी पद्धत आली असेल. तुमच्या कामात मी कशाला तोंड घालू?"

उस्ताद त्यांच्याकडे बघत राहिले. घातलं असतंस तर, असं म्हणायला ओठ हलले. मग त्यांना आठवलं, घातलं असतं तर आपण काय म्हटलं असतं, आणि ते उठले.

आधी त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. "उस्ताद बोलतोय. पेट्रोल नव्हे, मीच. माझा कान गेलाय. दुसऱ्यांदा पडलात ते माझ्यामुळे." मग डॉक्टर आपल्या मऊ आवाजात म्हणाले, "कान माझ्या विषयात येत नाही, पण एक ओळखीचा आहे. सोमवारी जाऊ दोघं. आणि उद्या मी खाणीवर येतोय हं, बसून बघायला." उस्तादांनी फोन ठेवला, नाक ओढलं आणि जेटांची डबी काढली.

उन्हं कलायच्या आत काम सुरू झालं. उस्तादांनी सर्वांत मोठ्या भोकाचा जेट घातला. चूक व्हायची तर गुरगुरण्याच्या बाजूला व्हावी. ठिणगी चढाला लागली. वहिनी दारात, नेमक्या उस्तादांच्या जागी, डोळे मिटून उभ्या राहिल्या. उस्ताद शेजारी. इंजिनाचं खालचं धडधडणं त्यांना पायांतून कळत होतं, बाकी सगळं बायकोच्या चेहऱ्यावर.

"कसं आहे?"

"ओलं."

"ओलं म्हणजे?"

"धुतलेलं कापड पिळता पिळता फाडावं तसं. फस, फस, थांबतं, पुन्हा फाटतं."

"पेट्रोल जास्त. बरोबर, जास्तच असणार." त्यांनी एक नंबर खाली आणला. ठिणगी गेली.

"आता?"

"दमट. पावसाळ्यातल्यासारखं. वाळत आलंय, पण अजून नाही."

आणखी एक खाली. या खेपेला गाडी चढाच्या माथ्यापर्यंत गेली, आणि वहिनींच्या भुवया ताणल्या, मग हळूच सैल झाल्या.

"सुती आहे," त्या म्हणाल्या. "पण जुनं. चार धुण्यांतलं. फाटतंय सरळ, पण कड मऊ."

"म्हणजे जवळ आलो."

"अजून एक द्या."

उस्तादांचे हात थबकले. याच एका नंबरानं तीन इंजिनं खाल्ली होती. "नक्की?"

"अहो, कापड माझं आहे."

त्यांनी जेट बसवला, कार्बोरेटर आवळला, ठिणगीच्या पाठीवर थाप मारली. ती गेली. गल्लीच्या टोकाला वळली, चढाला लागली, गिअर बदलले, आणि मग पूर्ण रेस. वहिनींनी डोळे मिटलेलेच ठेवून नवऱ्याचं मनगट पकडलं.

"हे," त्या म्हणाल्या. "कोरं. खूण देऊन एका दमात. ते तेव्हाचं."

"मोहरी नाही? नीट ऐक. अगदी बारीक, मागं कुठंतरी."

त्यांनी ऐकलं. नीट, शेवटपर्यंत. "नाही. एक दाणा नाही."

तरी उस्तादांनी आयुष्यभर ज्यावर ते हसत आले होते तेही केलं. ठिणगीला पुन्हा वर पाठवलं, पूर्ण रेसमध्येच इंजिन बंद करायला लावलं, आणि गाडी उतरणीनं मुकाट खाली आल्यावर प्लग काढला. चष्मा लावून, उजेडाकडे धरून बघितला. टोक तपकिरी, भाजलेल्या विटेच्या रंगाचं. चकाकता कण एकही नाही. त्यांनी प्लग वहिनींच्या तळहातावर ठेवला.

"हे काय?"

"तुझ्या कानाची पावती."

वहिनींनी प्लग फिरवून बघितला. "काळा हात झाला माझा," त्या म्हणाल्या. "त्या शर्टाला आता कोण हात लावेल?" पण प्लग त्यांनी लगेच परत दिला नाही.

रविवारी खाणीवर धूळ होती, धूर होता, जळक्या तेलाचा गोड वास होता. डॉक्टर कोपराला पट्टी बांधून एका खडकावर बसले होते, आणि जो भेटेल त्याला सांगत होते की लाल टाकीकडे लक्ष ठेवा. एकेक गाडी वर जात होती. काही अर्ध्यातून धापा टाकत परतल्या, एक तर सुरूच झाली नाही, तिच्या मालकानं तिला सर्वांसमोर नावं ठेवली आणि मग गुपचूप टाकी पुसली.

ठिणगी रेषेवर आली. तिनं बापाकडे बघितलं नाही, आईकडे बघितलं. वहिनींनी मान हलवली.

गाडी सुटली. उस्तादांच्या पायाखालची जमीन थरथरली, गाठीगाठींच्या टायरनं खडी मागं फेकली, लाल टाकी पहिल्या चढावर उसळली आणि धुळीत शिरली. आता फक्त डोळे. धूर निळसर, पातळ, ठीक. दुसरं वळण. पुढचं चाक दगडावर आदळून उडालं, ठिणगी फूटरेस्टवर उभी राहिली, तिनं तोल सावरला. शेवटचं वळण आलं, एका अंगाला काहीच नसलेलं. तिथं ती पूर्ण रेस देणार, हे उस्तादांना माहीत होतं, आणि तिथंच धूळ इतकी दाटली की लाल ठिपका दिसेनासा झाला.

ते बायकोकडे वळले. वहिनींचे डोळे मिटलेले होते, ओठ घट्ट, चेहऱ्यावर धुळीचा थर. त्या बोलायच्याच विसरल्या होत्या. उस्तादांनी त्यांचा हात धरला.

"सांग की गं."

"फाटतंय," त्या म्हणाल्या. त्यांची बोटं नवऱ्याच्या मनगटात रुतली होती. "फाटतंय, अजून फाटतंय. सरळ जातंय."